प्रतिध्वनी कोणाचा?

गाणे ऐकण्यासाठी राखलेल्या खोलीत आवाज घुमू नये म्हणून जे उपाय करतात, ते सुतारकामात आणि शिवणकामात मोडतात. लाकडी चौकटीत रॉकवूल भरायचे, वर कापड ताणायचे, चौकट भिंतीवर टांगायची. या कामाच्या मुळाशी मात्र एक जुना प्रश्न आहे: खोलीत कानावर पडणारा ध्वनी कोणाचा? गाणाऱ्याचा, वाद्याचा, स्पीकरचा, की चार भिंतींत कोंडलेल्या पोकळीचा? शब्द म्हणजे काय हे ठरवताना भारतीय दर्शनांना या प्रश्नाला तोंड द्यावे लागले, आणि त्यांची उत्तरे एकमेकांशी जुळत नाहीत. ती आजही उपयोगी आहेत, कारण भिंतीवर काय लावायचे हे ठरण्याआधी काय ऐकायचे आहे हे ठरावे लागते.

प्रतिध्वनी आणि घुमणे यांत फरक आहे. मूळ आवाज आणि भिंतीवरून परतलेला आवाज यांत साधारण एकदशांश सेकंदाचे अंतर पडले तर कानाला ते दोन सुटे आवाज वाटतात. हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे भिंत निदान १७ मीटर दूर हवी. विजापूरच्या गोल घुमटाचा आतला व्यास सुमारे ३८ मीटर आहे. तिथे एकच टाळी पुन्हा पुन्हा सुटी ऐकू येते. तीन मीटर रुंदीच्या खोलीत ध्वनी समोरच्या भिंतीवर जाऊन परत यायला १८ मिलिसेकंदही लागत नाहीत. असे परतलेले शेकडो आवाज एकमेकांत मिसळतात, मूळ आवाजामागे रेंगाळतात आणि शब्दाची कड बोथट करतात. समोरासमोरच्या गुळगुळीत भिंतींमध्ये टाळी वाजवली की झिणझिण असा धातूसारखा नाद निघतो, तोही याच कुळातला. घरात लोक ज्याला प्रतिध्वनी म्हणतात ते बहुतेक वेळा हे घुमणेच असते.

घुमण्याचा त्रास ठाणे जिल्ह्यात वाढला तो घर बदलल्यामुळे. आंबिवली स्थानकाजवळचे उल्हास नदीकाठचे मोहने हे त्याचे चांगले उदाहरण. अशा गावातले जुने घर कौलारू असे. भिंत आणि छप्पर यांच्यामध्ये फट, कौलांच्या सांध्यांत फटी, खाली सारवलेली जमीन, कोपऱ्यात गोधड्यांची वळकटी. आवाज वर जाई तो फारसा परतत नसे, आणि त्या घरात भजन बसले तरी टाळांचा कल्लोळ डोक्यात शिरत नसे. नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशनचा, लोकांच्या तोंडी एनआरसीचा, कारखाना आला तशी वसाहत आली. २००९ मध्ये कारखाना बंद पडला, पण तोवर कल्याणचे शहर इथवर येऊन पोचले होते. आज या परिसरात जे घर बांधले जाते त्यात वर स्लॅब, खाली व्हिट्रिफाइड टाइल्स, चारही बाजूंना सिमेंटचा गुळगुळीत गिलावा आणि काचेची स्लायडिंग खिडकी असते. यातला एकही पृष्ठभाग फारसा ध्वनी गिळत नाही.

किती गिळत नाही, ते मोजता येते. हे मोजमाप शिकवले अमेरिकेतल्या वॉलेस क्लेमेंट सॅबाइन यांनी. हार्वर्ड विद्यापीठाच्या फॉग संग्रहालयातले व्याख्यानगृह असे घुमे की वक्त्याचे एकही वाक्य धड कळत नसे. उच्चारलेला आवाज तिथे साडेपाच सेकंद रेंगाळे. १८९५ मध्ये हे कोडे तरुण सॅबाइन यांच्याकडे सोपवले गेले. त्यांनी जवळच्या सँडर्स नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री उचलून आणल्या, त्या थोड्या थोड्या करून मांडल्या आणि प्रत्येक वेळी आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजले. त्यातून जे सूत्र निघाले त्याच्या आधारावर १९०० मध्ये उघडलेले बॉस्टनचे सिंफनी हॉल बांधले गेले, आणि ते आजही जगातल्या उत्तम संगीतगृहांत गणले जाते. सूत्र सोपे आहे. खोलीचे घनफळ घनमीटरमध्ये घ्यावे, त्याला ०.१६१ ने गुणावे आणि खोलीतल्या एकूण शोषणाने भागावे. आवाज विरण्याचा काळ सेकंदांत मिळतो.

यातले शोषण मोजण्यासाठी सॅबाइन यांनी जे माप निवडले ते विचार करण्यासारखे आहे. त्यांनी उघडी खिडकी हे पूर्ण शोषण मानले. उघड्या खिडकीतून गेलेला ध्वनी परत येत नाही, म्हणून एक चौरस मीटर उघडी खिडकी म्हणजे शोषणाचा एक पूर्ण अंक. गादी, पडदा, माणूस, रॉकवूल यांची किंमत ते किती खिडकीइतके आहेत यावर ठरते. चार मीटर लांब, तीन मीटर रुंद आणि तीन मीटर उंच अशी मोहन्यातल्या फ्लॅटमधली खोली धरली तर घनफळ ३६ घनमीटर होते. भिंती, स्लॅब आणि फरशी मिळून ६६ चौरस मीटर पृष्ठभाग होतो. पण तो सगळा मिळून जेमतेम दोन चौरस मीटर उघड्या खिडकीइतका आवाज गिळतो. अशा रिकाम्या खोलीत आवाज सुमारे २.९ सेकंद रेंगाळतो. सोफा, पडदा आणि दोन माणसे आली की हा काळ ०.८ सेकंदाच्या आसपास येतो. घरी संगीत ऐकण्यासाठी ०.३ ते ०.५ सेकंद चांगला मानतात. इतक्या लहान खोलीत हे सूत्र ढोबळच लागू पडते, पण दिशा बरोबर दाखवते.

उघडी खिडकी हे माप हाती आले की दर्शनांची भाषा दूरची वाटत नाही. वैशेषिकांच्या मते शब्द हा आकाशाचा गुण. वायूला स्पर्श आहे, तेजाला रूप आहे, तसा आकाशाला शब्द. किंबहुना आकाश आहे हे कळते तेच शब्दावरून. हे आकाश एकच आणि सर्वत्र भरलेले. माणसाचे श्रवणेंद्रिय म्हणजेसुद्धा कानाच्या पाळीने आणि पोकळीने मर्यादित झालेले आकाश. वेदान्तात घटाकाश आणि मठाकाश असे दाखले येतात: घडा फुटला, मठाची भिंत पडली, की आतले आकाश वेगळे राहत नाही, कारण ते कधी वेगळे नव्हतेच. सॅबाइन यांची खिडकी म्हणजे मठाकाशाला पाडलेले भोक होय. घुमणाऱ्या खोलीचा दोष हाच, की तिथले मर्यादित आकाश आपली मर्यादा विसरू देत नाही.

नैयायिकांनी आणखी एक गोष्ट सांगितली, आणि ऐकण्याच्या खोलीचा विचार करताना ती सर्वांत मोलाची आहे. ढोलावर काठी पडली तेव्हा जो शब्द उपजला तो कानापर्यंत येत नाही. तो शेजारी दुसरा शब्द उपजवतो आणि नष्ट होतो. दुसरा तिसऱ्याला उपजवतो. पाण्यावरच्या लाटेसारखी एकाच वर्तुळाने ही परंपरा पुढे जाते की कदंबाच्या फुलाच्या केसरांसारखी एकाच वेळी सर्व दिशांना फुटते, यावर वाद झाला, आणि वीचीतरंगन्याय व कदंबगोलकन्याय अशी त्या दोन मतांना नावे पडली. दोन्ही मतांत कान ऐकतो तो परंपरेतला शेवटचा शब्द. पहिला शब्द कोणीही, कधीही ऐकलेला नाही. महागडी यंत्रे आणि पॅनेल घेऊन ‘मूळ आवाज’ घरी आणण्याची इच्छा धरणाऱ्याला न्यायशास्त्राचे उत्तर असे, की मूळ आवाज मैफलीत पहिल्या रांगेत बसलेल्यालाही मिळाला नव्हता.

मीमांसकांना हे मान्य नव्हते. त्यांच्या मते वर्ण नित्य आहेत. उच्चाराने ते उत्पन्न होत नाहीत, फक्त व्यक्त होतात. तोंडातून निघालेला वायू पुढच्या वायूवर आदळत जातो, त्या संयोग-विभागांची मालिका कानाशी पोचते आणि तिथे वर्ण प्रकट होतो. वेदांचे नित्यत्व सिद्ध करण्यासाठी मांडलेल्या या मतात हवेतून पुढे सरकणाऱ्या आंदोलनाची कल्पना आहे आणि आजचे भौतिकशास्त्र वैशेषिकांच्या आकाशापेक्षा तिच्या जवळ आहे. भर्तृहरीने वाक्यपदीयात याच्याही पुढे जाऊन ध्वनीचे दोन प्रकार केले. प्राकृत ध्वनीने शब्दाचे ग्रहण होते. त्यानंतर जो वैकृत ध्वनी टिकून राहतो त्यामुळे उच्चार जलद, मध्यम किंवा विलंबित भासतो. शब्दाच्या स्फोटात, म्हणजे अर्थ देणाऱ्या त्याच्या अखंड रूपात, त्याने फरक पडत नाही. खोलीचे घुमणे हे वैकृत ध्वनीचे टोक म्हणता येईल. भर्तृहरीचे म्हणणे व्याकरणात टिकते. संगीतात ते पुरे पडत नाही. भाषेत ‘गाय’ हा शब्द गुहेत म्हटला काय आणि माळावर म्हटला काय, अर्थ तोच. संगीतात रेंगाळणे हा अर्थाचाच भाग आहे. तानपुऱ्याच्या घोडीवर जवारी लावतात ती तारेचा नाद लांबावा आणि त्यातून वरचे स्वर फुलावेत म्हणूनच. खर्जाच्या तारेतून न छेडलेला गंधार आपोआप उमटतो तो त्या लांबलेल्या नादात. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये या जवारीचा भौतिक अभ्यास मांडला होता. आनंदवर्धनानेही काव्यातला एक प्रकारचा ध्वनी, म्हणजे सूचित अर्थ, समजावताना घंटेच्या अनुरणनाचाच आधार घेतला.

प्रतिध्वनीबद्दल सर्वांत नेमके विधान सापडते ते चौदाव्या शतकातल्या विद्यारण्यांच्या पंचदशीत. पंचमहाभूतांचे शब्द सांगताना त्यांनी वारा, अग्नी, पाणी आणि पृथ्वी यांच्या वाट्याला ज्याचा त्याचा आवाज दिला आणि आकाशाच्या वाट्याला प्रतिध्वनी. पोकळीला स्वतःचा गळा नाही. ती बोलते ते दुसऱ्याचे बोलणे परत करूनच. बौद्ध परंपरेने हाच अनुभव उलट बाजूने घेतला. प्रज्ञापारमिता सूत्रांत मायेच्या, स्वप्नाच्या आणि मृगजळाच्या ओळीत प्रतिध्वनी येतो: ऐकू येतो, पण त्याला स्वतःचे अस्तित्व नाही. ज्या परंपरेत हा दाखला रुजला, तिनेच कार्ल्याचे चैत्यगृह कोरले. सुमारे ३८ मीटर लांब, १४ मीटर उंच, गजपृष्ठाकार छताला आजही सागवानी कमानी असलेले हे लेणे एका आवाजाचा समुदाय करते. दोन्ही बाजूंच्या खांबांवर आपटून आवाज विखुरतो, म्हणून तिथला नाद कर्कश न होता भरीव होतो.

धर्मस्थळे घुमणे जपतात आणि ऐकण्याची खोली ते घालवते, हा विरोध खरा आहे, आणि भौतिकशास्त्र तो सोडवत नाही, आणखी तीव्र करते. दगडी गाभारा तीन मीटर रुंद असला तर त्यात सेकंदाला ५७, ११३, १७० अशी कंपने विशेष जोर धरतात, कारण त्या ध्वनींच्या लाटा दोन भिंतींमध्ये नेमक्या बसतात. पुरुषाच्या खालच्या आवाजातला मंत्रोच्चार ११३ च्या आसपास येतो आणि गाभारा त्याला उचलून धरतो. मोहन्यातल्या तीन मीटर रुंदीच्या खोलीतही हेच आकडे लागू आहेत. काळी एकला षड्ज धरून गाणाऱ्या गायकाचा मंद्र कोमल धैवत सेकंदाला १११ कंपनांच्या जवळ असतो. दरबारी कानड्याचे ध्वनिमुद्रण अशा खोलीत लावले की नेमका तो धैवत फुगतो आणि त्याचे आंदोलन, ज्यासाठी तो राग ऐकायचा, त्या फुगवट्यात बुडते. खोलीची रुंदी आणि उंची दोन्ही तीन मीटर असली तर दोष दुणावतो. गाभाऱ्यात जी कृपा वाटते ती इथे अडचण का व्हावी?

उत्तर असे, की गाभाऱ्यात बोलणारा तिथेच असतो. त्याचा आवाज दगडावरून परत येतो, तो ऐकून माणूस लय संथ करतो, थांबतो, स्वर किंचित वरखाली करून दगडाला मान्य होईल तिथे आणतो. तिथे माणूस आणि पोकळी यांचा संवाद चालतो. ध्वनिमुद्रणातला गायक मात्र खोलीत नसतो. त्याने आपली लय दुसऱ्याच कोणत्या सभागृहाशी, मांडवाशी किंवा स्टुडिओशी जुळवलेली असते. श्रोत्याच्या खोलीने उत्तर दिले तरी ते त्याला ऐकू जात नाही आणि तो सावरू शकत नाही. म्हणून तिचे घुमणे संवाद न राहता मध्येच बोलणे होते. शिवाय ध्वनिमुद्रणात त्या दुसऱ्या जागेचे आकाश आधीच उतरलेले असते. श्रोत्याची खोली गप्प बसली तरच ती जागा बोलते. प्रतिध्वनी कमी करणे म्हणजे आकाशाचा शब्द पुसणे नव्हे. दुसऱ्या आकाशाला जागा देण्यासाठी आपल्या आकाशाने पाळलेला तो संयम आहे. या कामाला साधनेचा अर्थ असेल तर तो इथे आहे.

संयमालाही मर्यादा हवी. अंबरनाथचे शिवमंदिर, ज्याच्या शिलालेखात शके ९८२ म्हणजे इसवी सन १०६० चा उल्लेख आहे, त्याचा गाभारा पायऱ्या उतरून खाली आहे आणि शिखर अपुरे असल्याने वर आकाशाला उघडा आहे. सॅबाइन यांच्या भाषेत त्याच्या छताचे शोषण पूर्ण आहे. तरी दगडी भिंतींमुळे तो मुका नाही. भरताने नाट्यशास्त्रात हाच तोल नियमात बसवला. नाट्यगृह डोंगरातल्या गुहेसारखे असावे, खिडक्या लहान असाव्यात, वारा आत शिरू नये, म्हणजे आवाजाला गांभीर्य येते. पण ते फार मोठे बांधू नये, नाहीतर उच्चार अस्पष्ट होतो. मनुष्यांसाठी त्याने ६४ हात लांब आणि ३२ हात रुंद असे माप दिले. गांभीर्य आणि स्पष्टता ही एकमेकांच्या मोबदल्यात मिळतात, हे त्याने सूत्र आणि उपकरण नसताना ओळखले होते.

कानाची घडणही याच बाजूने साक्ष देते. १९४९ मध्ये गटिंगेन विद्यापीठात हेल्मुट हास यांनी दाखवले, की मूळ आवाजानंतर साधारण ३० मिलिसेकंदांच्या आत आलेले परावर्तन कानाला वेगळे वाटत नाही. ते मूळ आवाजातच मिळून त्याला बळ देते आणि दिशा मात्र पहिल्या आवाजाचीच धरली जाते. म्हणजे ‘एक’ म्हणून ऐकला जाणारा आवाज मुळातच अनेकांचा जोडलेला असतो. खोलीतले सारे परावर्तन काढून टाकले तर हे बळही जाते आणि गाणे कोरडे, निर्जीव, कानाला थकवणारे होते.

प्रत्यक्ष कामाचा क्रम यातूनच ठरतो. आधीच्या उदाहरणातल्या खोलीत सामान आणि माणसे धरून सात चौरस मीटर खिडकीइतके शोषण असेल तर ०.४ सेकंदापर्यंत येण्यासाठी आणखी साडेसात चौरस मीटर लागेल. १.२ मीटर उंच आणि ०.६ मीटर रुंद अशी दहा पॅनेल म्हणजे जवळपास तेवढेच. आत दर घनमीटरला ४८ किलो घनतेचे, ५० मिलिमीटर जाड रॉकवूल किंवा ग्लासवूल असावे, वरचे कापड तोंडाने फुंकर घातली तर हवा पार जाईल इतके विरळ असावे. पॅनेल भिंतीपासून पाच सेंटिमीटर पुढे टांगले तर खालचे स्वरही जास्त शोषले जातात. ठाणे जिल्ह्यातल्या पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीला ओल येते, त्यासाठीही ही फट आवश्यक आहे. चिकटवलेल्या पॅनेलमागे बुरशी धरते. पहिली पॅनेल कुठे लावायची हे आरशाने कळते. श्रोता आपल्या जागी बसतो, दुसरा माणूस बाजूच्या भिंतीवरून आरसा सरकवत जातो. आरशात जिथे स्पीकर दिसतो तिथे पॅनेल. दोन्ही बाजूच्या भिंती आणि छत एवढे झाले की निम्मे काम होते.

मंद्र स्वरांचा प्रश्न पातळ वस्तूंनी सुटत नाही. सेकंदाला १००० कंपनांच्या ध्वनीची लाट ३४ सेंटिमीटर लांब असते, १०० कंपनांची ३.४ मीटर. शोषक थराची जाडी किंवा भिंतीपासूनचे त्याचे अंतर लाटेच्या चौथ्या भागाच्या जवळ गेल्यावरच तो नीट काम करतो. म्हणून पडदा आणि सतरंजी टाळांची किणकिण घालवतात, पण फुगलेला धैवत तसाच ठेवतात. खोली एकाच वेळी मुकी आणि गडगडणारी होते, आणि ही अवस्था आधीच्यापेक्षा वाईट. कोपऱ्यांत छतापर्यंत जाड रॉकवूल भरणे हाच त्यावर उपाय. अंड्यांचे कागदी ट्रे भिंतीला लावण्याची चाल जुनी आहे. त्यांचा जवळजवळ काहीच उपयोग नाही. स्वस्त फोम तर लावूच नये: तो फक्त वरचे स्वर खातो आणि ठिणगी पडली तर भडकतो. मागची भिंत शोषकांनी झाकण्यापेक्षा तिथे कमीजास्त खोलीच्या पुस्तकांचे कपाट ठेवावे, म्हणजे आवाज मरत नाही, विखुरतो; कार्ल्याचे खांब करतात ते काम कपाट करते. मान्फ्रेड श्रोडर यांनी १९७५ मध्ये अंकगणिताच्या आधारे अशा विखुरणाऱ्या पृष्ठभागांची रीत शोधून काढली. शोषकांनी शेजाऱ्याकडे जाणारा आवाज थांबत नाही, लोकलचा आवाजही आत यायचा थांबत नाही. त्यासाठी भिंतीचे वजन आणि खिडकीची फट यांकडे पाहावे लागते.

मोहने-आंबिवलीत अनेक घरांत ऐकण्याची खोली आणि भजनाची खोली एकच असते. तिथे माणसे स्वतः गातात, तेव्हा पोकळीशी संवाद पुन्हा सुरू होतो आणि थोडे घुमणे हवेसे वाटते. दहा माणसे बसली की तीच चार-पाच चौरस मीटर खिडकीइतका आवाज शोषतात. म्हणून अशा घरात पॅनेल खिळवून न टाकता हुकांवर टांगावीत: रेकॉर्ड ऐकताना दहा, भजनाला चार. ज्याला दहा परवडत नाहीत त्याने आरशाने दाखवलेल्या जागी चार लावावीत, कोपरे भरावेत आणि थांबावे. दहाच्या पुढचे प्रत्येक पॅनेल खोलीच्या आवाजाबरोबर तानपुऱ्याचाही काही भाग घेऊन जाते.